मेंदू, इन्सुलिन आणि एक चिवट गैरसमज

‘मेंदूला इन्सुलिन लागत नाही.’ शरीरक्रियाशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत हे वाक्य सापडतं, क्लासमध्ये एका गुणाचं उत्तर म्हणून ते पाठ करून घेतलं जातं आणि तिथून ते मधुमेहाच्या शिबिरांतल्या भाषणांपर्यंत पोचतं. पुढे त्याला फाटे फुटतात. कोणी सांगतं, मधुमेहाने डोळे, मूत्रपिंडं, पाय बिघडतील, मेंदूला मात्र धोका नाही. कोणी सांगतं, इन्सुलिन मेंदूपर्यंत जातच नाही, मग त्याची चर्चा कशाला? एका अर्धवट वाक्यातून इतके चुकीचे निष्कर्ष निघत असतील, तर ते वाक्य एकदा नीट तपासायला हवं.

आधी त्यात खरं किती ते पाहू. ग्लुकोज पेशीत शिरतं ते पेशीच्या आवरणातल्या वाहक प्रथिनांमधून. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत ग्लुट-४ नावाचं वाहक असतं. एरवी ते पेशीच्या आत असतं. इन्सुलिनचा इशारा मिळाला की आवरणात येऊन बसतं आणि ग्लुकोज आत घेऊ लागतं. मेंदूतली व्यवस्था वेगळी आहे. तिथल्या केशवाहिन्यांच्या अस्तरात आणि ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींत ग्लुट-१ असतं, चेतापेशींत मुख्यतः ग्लुट-३. ही दोन्ही वाहकं इन्सुलिन नसतानाही काम करतात. त्यामुळे उपाशीपोटी, रक्तातलं इन्सुलिन अगदी खाली गेलेलं असतानाही मेंदूला ग्लुकोज मिळत राहतं. ते मिळायलाच हवं. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण शरीर विश्रांतीत असताना जेवढी ऊर्जा खर्च होते त्यातली सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो; दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज. एवढ्या खर्चिक अवयवाचं इंधन जेवणाच्या वेळांवर अवलंबून असतं, तर रात्रीची झोपही धोक्याची ठरली असती.

इथपर्यंत वाक्य बरोबर आहे. चूक पुढच्या उडीत आहे. ग्लुकोज आत यायला इन्सुलिन लागत नाही, म्हणून इन्सुलिनला मेंदूत काही कामच नाही, हे कसं ठरलं? यकृताकडे पाहा. यकृताच्या पेशीत ग्लुकोज ग्लुट-२ या वाहकातून शिरतं आणि त्यालाही इन्सुलिनची गरज नसते. म्हणून यकृताचा आणि इन्सुलिनचा संबंध नाही असं कोणी म्हणतं का? यकृतात इन्सुलिन ग्लुकोजचा ग्लायकोजेनच्या रूपात साठा करायला लावतं, नवं ग्लुकोज तयार होणं आवरतं, चरबीची निर्मिती वाढवतं. टाइप-२ मधुमेहात सकाळची उपाशीपोटीची साखर वाढलेली दिसते, ती बऱ्याच अंशी यकृत हा आदेश ऐकेनासं होतं म्हणून. हा धडा प्रत्येक विद्यार्थ्याला येतो. तोच विद्यार्थी मेंदूच्या धड्यात उलटं उत्तर लिहितो आणि त्याला पूर्ण गुण मिळतात, याचा मला खरोखर राग येतो.

या गोंधळाला रुग्णांसाठी काढलेलं एक चित्रही जबाबदार आहे. पेशी म्हणजे कुलूपबंद घर आणि इन्सुलिन म्हणजे किल्ली. स्नायूपुरतं ते चित्र चालतं, पण त्यामुळे इन्सुलिनचं सगळं काम दारापाशी संपतं असा समज होतो. इन्सुलिन हे संप्रेरक आहे. पेशीच्या आवरणावरच्या त्याच्या रिसेप्टरला ते चिकटलं की आत संदेशांची साखळी सुरू होते, आणि किती इंधन जाळायचं, किती साठवायचं, कोणती प्रथिनं बनवायची, वाढायचं की थांबायचं, या सगळ्यावर तिचा परिणाम होतो. ज्या पेशीत इन्सुलिनचे रिसेप्टर आहेत, त्या पेशीत इन्सुलिन काय करतं हा प्रश्न विचारावाच लागतो.

आणि मेंदूत ते रिसेप्टर आहेत. ही गोष्ट काल-परवा कळलेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत याना हाव्रांकोव्हा, जेसी रॉथ आणि मायकेल ब्राउनस्टीन यांनी १९७८ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की उंदराच्या मेंदूत इन्सुलिनचे रिसेप्टर जागोजागी पसरलेले आहेत, गंधाशी संबंधित भागात तर भरपूर. पुढच्याच वर्षी सिएटलमध्ये स्टीफन वुड्स, डॅनिएल पोर्ट आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांच्या मेंदूतल्या द्रवात थेट, संथपणे इन्सुलिन सोडलं. माकडांचं खाणं कमी झालं, वजन उतरलं. जो अवयव इन्सुलिनची दखलच घेत नाही, तो असा वागेल का? २००० साली ‘सायन्स’मध्ये आणखी एक पुरावा आला. उंदरांच्या फक्त चेतापेशींमधला इन्सुलिन रिसेप्टर काढून टाकला, तर त्यांच्या मेंदूची वाढ ठीक झाली, पण उंदरांच्या अंगावर चरबी वाढली आणि त्यांची प्रजननक्षमता घटली. इतक्या वर्षांनंतरही ते जुनं वाक्य शिकवलं जात असेल, तर दोष विज्ञानाचा नाही.

‘इन्सुलिन मेंदूत पोचतच नाही’ हेही खोटं. ५१ अमिनो आम्लांचा एवढा मोठा रेणू मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या घट्ट अस्तरातून आपोआप झिरपत नाही, हे मान्य. पण त्याला पलीकडे नेणारी वाहतूक व्यवस्था त्या अस्तराच्या पेशींतच आहे. तिची क्षमता मर्यादित असल्यामुळे मेंदूच्या द्रवातलं इन्सुलिन रक्तातल्यापेक्षा बरंच कमी असतं. कमी असणं म्हणजे नसणं नव्हे. संप्रेरकं मुळात अत्यल्प प्रमाणातच काम करतात.

आता या चर्चेत जी बाजू जवळजवळ कधीच येत नाही, तिच्याकडे वळतो. मेंदू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चेतापेशी येतात. पण त्यांच्याभोवती जवळपास तेवढ्याच संख्येने आधारपेशी असतात, आणि इंधनाचा कारभार मोठ्या प्रमाणात त्यांच्यातल्या ॲस्ट्रोसाइटच्या हातात असतो. ॲस्ट्रोसाइटला अनेक फांद्या असतात. त्यातल्या काही केशवाहिनीवर टेकलेल्या असतात आणि त्यांची टोकं एकमेकांना लागून वाहिनीचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग झाकतात. दुसऱ्या फांद्या चेतापेशींच्या जोडण्यांभोवती पसरलेल्या असतात. रक्तातून आलेलं ग्लुकोज आणि कामात असलेली चेतापेशी, या दोन्हींना एकाच वेळी भिडलेली ही पेशी. इन्सुलिन मेंदूच्या चयापचयात काय करतं हे शोधायचं असेल, तर सुरुवात इथूनच करायला हवी होती. ती फार उशिरा झाली.

या पेशींचं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे ग्लायकोजेन. प्रौढ मेंदूतलं जवळजवळ सगळं ग्लायकोजेन ॲस्ट्रोसाइटमध्ये असतं. यकृतातल्या साधारण १०० ग्रॅम साठ्याच्या तुलनेत ते अगदी थोडं असल्यामुळे ‘मेंदूत साठा नसतोच’ असं सर्रास सांगितलं जातं. या थोड्या साठ्याची किंमत किती असते ते २००० सालच्या एका प्रयोगात दिसतं. उंदराची दृष्टिचेता बाहेर काढून ग्लुकोज नसलेल्या द्रवात ठेवली, तरी ती सुमारे अर्धा तास संदेश वाहून नेत राहिली; ॲस्ट्रोसाइटमधलं ग्लायकोजेन संपत आल्यावर मात्र ती झपाट्याने निकामी झाली. आधी जास्त ग्लुकोज देऊन साठा वाढवला, तर ती अधिक वेळ टिकली. २०११ साली ‘सेल’मध्ये आलेल्या प्रयोगात उंदरांच्या स्मृतिकेंद्रात ग्लायकोजेनचं विघटन औषधाने रोखलं, तेव्हा नव्या अनुभवाची दीर्घकालीन आठवण पक्की झाली नाही, तिथे लॅक्टेट पुरवल्यावर झाली. ॲस्ट्रोसाइट ग्लायकोजेन मोडून लॅक्टेट बनवतात आणि ते शेजारच्या चेतापेशींना देतात. रोजच्या सर्वसाधारण कामात चेतापेशी लॅक्टेटवर किती आणि थेट ग्लुकोजवर किती चालतात, यावर १९९४ पासून जोरदार वाद चालू आहे. पण आणीबाणीत आणि आठवण घट्ट होताना हा साठा कामी येतो, याचे पुरावे भक्कम आहेत.

आणि हा साठा भरण्यात इन्सुलिनचा हात आहे. राल्फ ड्रिंगेन आणि बर्न्ड हाम्प्रेख्ट यांनी १९९२ साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या ॲस्ट्रोसाइटवर दाखवलं की इन्सुलिन दिल्यावर त्यांच्यातलं ग्लायकोजेन वाढतं. २०११ साली जर्मनीतल्या एका गटाने हेच मानवी ॲस्ट्रोसाइटमध्ये पाहिलं. यकृतात इन्सुलिन जे करतं, त्याचीच छोटी आवृत्ती मेंदूतल्या आधारपेशीत सापडली. इथे एक सावधगिरी हवी. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींवर अनेकदा इतकं इन्सुलिन टाकतात की ते शेजारच्या दुसऱ्या रिसेप्टरलाही, म्हणजे आयजीएफ-१ या वाढीच्या संप्रेरकाच्या रिसेप्टरलाही, चिकटतं. त्यामुळे फक्त बशीतल्या पेशींवरून जिवंत मेंदूबद्दल ठाम बोलता येत नाही.

म्हणून २०१६ सालचा म्युनिकमधला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. क्रिस्तिना गार्सिया-कासेरेस, मथियास च्यूप आणि सहकाऱ्यांनी उंदीर जन्मल्यानंतर त्यांच्या ॲस्ट्रोसाइटमधला इन्सुलिन रिसेप्टर काढून टाकला. चेतापेशींना हात लावला नाही. भूक आणि साखरेवर लक्ष ठेवणाऱ्या हायपोथॅलॅमस या भागातल्या ॲस्ट्रोसाइटचा आकार बदलला, त्यांच्यातल्या मायटोकाँड्रियाचं काम बिघडलं. रक्तात ग्लुकोज वाढलं की ज्या चेतापेशींनी ‘आता पुरे’ असा संकेत द्यायचा, त्या पुरेशा जाग्या होईनात. मग संशोधकांनी कळीचा प्रश्न विचारला: बिघाड ग्लुकोज ओळखण्यात आहे की ते मेंदूत येण्यात? त्यांनी ग्लुकोज थेट मेंदूत दिलं. प्रतिसाद अगदी नेहमीसारखा आला. म्हणजे अडचण वाटेत होती. जिवंत उंदरांच्या पेट स्कॅनने आणि मेंदूच्या द्रवातली साखर मोजून ते पक्कं झालं: ॲस्ट्रोसाइटना इन्सुलिनचा संदेश मिळत नसेल, तर रक्तातून मेंदूत जाणारं ग्लुकोज घटतं.

याचा अर्थ नीट घ्या. मेंदूचा पुरवठा इन्सुलिनवाचून बंद पडत नाही, हे अजूनही खरं आहे. पण जेवणानंतर पुरवठा किती वाढवायचा आणि मेंदूने ते कसं ओळखायचं, हे ठरवण्यात इन्सुलिनचा वाटा आहे आणि तो आधारपेशींमार्फत पार पडतो. पाठ्यपुस्तकातल्या ‘हो की नाही’च्या प्रश्नात हे मावत नाही. पुढच्याच वर्षी माद्रिदच्या इग्नासिओ तोरेस-अलेमान यांच्या गटाने त्यात आणखी एक बारकावा दाखवला. इन्सुलिन आणि आयजीएफ-१ जोडीने आले, तर ॲस्ट्रोसाइटमधलं ग्लुट-१ पेशीच्या आवरणाकडे सरकतं. ज्या ग्लुट-१ला आपण ‘इन्सुलिनला न जुमानणारं’ म्हणून शिकवतो, तेच हे. साखर उतरल्यानंतर चेतापेशींचं काम पूर्ववत व्हायलाही ही जोडी लागते, असं त्यांना आढळलं.

२०१८ साली बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रात वेकांग काय आणि रोनाल्ड कान यांनी हा विषय चयापचयाच्या पलीकडे नेला. ॲस्ट्रोसाइटमधला इन्सुलिन रिसेप्टर काढल्यावर त्या पेशींतून एटीपीचा स्राव कमी झाला. एटीपी पेशीच्या आत ऊर्जेचं चलन असतं, पण पेशीबाहेर ते संदेश म्हणूनही काम करतं. तो संदेश मंदावल्यामुळे डोपामिन सोडणाऱ्या चेतापेशी थंडावल्या आणि उंदीर चिंता आणि नैराश्यासारखी लक्षणं दाखवू लागले. मधुमेह असलेल्या माणसांत नैराश्य जास्त आढळतं, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याला आजाराचा ताण, औषधांचा खर्च, पथ्याचा जाच अशी अनेक कारणं असतात. उंदरांवरचा हा प्रयोग त्यांतलं एखादं कारण मेंदूच्या आधारपेशींतही असू शकतं एवढं सुचवतो. त्यावरून माणसांना गोळ्या विकायला निघालेल्यांपासून दूर राहा.

कारण विरुद्ध टोकाचा गैरसमज तितक्याच वेगाने पसरतो आहे. ‘अल्झायमर म्हणजे टाइप-३ मधुमेह, साखर सोडा, अल्झायमर टळेल’ हा संदेश फॅमिली ग्रुपवर आला नसेल असं घर सापडणं कठीण. ‘टाइप-३’ ही कल्पना २००५च्या सुमारास ब्राउन विद्यापीठाच्या सुझान डी ला मॉन्टे यांच्या गटाने मांडली. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत इन्सुलिनचे संदेश क्षीण झालेले त्यांना आढळले होते. ते निरीक्षण गंभीरपणे घ्यायला हवं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मधुमेहाच्या वर्गीकरणात असा प्रकार नाही. (‘टाइप-३सी’ ही वेगळीच गोष्ट आहे, तो स्वादुपिंडाच्या आजाराने होणारा मधुमेह.) मधुमेहाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो हे खरं आहे, आणि लॅन्सेट आयोगाच्या २०२४च्या अहवालात आटोक्यात आणता येण्याजोग्या १४ धोक्यांत त्याचा समावेश आहे. पण त्यातला मोठा भाग मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्याने येतो. इन्सुलिन कमी पडतं हेच मूळ कारण असतं, तर नाकातून इन्सुलिन देऊन फरक पडायला हवा होता. तेही करून पाहिलं गेलं. २८९ जणांवर १२ महिने चाललेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत नाकाने इन्सुलिन घेणाऱ्यांची स्मृती आणि विचारशक्ती इतरांपेक्षा सुधारली नाही.

काही किरकोळ समज एकेका वाक्यात. आधारपेशी चेतापेशींच्या दहापट असतात, हे चूक: २००९च्या मोजणीनुसार मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि जवळपास तेवढ्याच इतर पेशी असतात. मेंदूला ग्लुकोजशिवाय काही चालत नाही, हेही चूक: अनेक आठवड्यांच्या उपासात मेंदू निम्म्याहून जास्त ऊर्जा कीटोनमधून घेतो, हे १९६७ सालीच मोजलं गेलं आहे. लॅक्टेट म्हणजे कचरा नव्हे. हृदयही ते इंधन म्हणून वापरतं. आणि परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दही-साखर जरूर ठेवा, पण ग्लुकोजची पावडर पाजून नीट जेवलेल्या निरोगी मुलाची बुद्धी वाढेल ही आशा सोडा.

राहिला तो गैरसमज ज्याने माणसांचं प्रत्यक्ष नुकसान होतं: ‘इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू झाली की डोकं चालेनासं होतं.’ या भीतीपोटी कित्येक जण डॉक्टरांनी सांगूनही इंजेक्शन पुढे ढकलतात आणि वाढलेल्या साखरेला शरीर पोखरू देतात. टाइप-१ मधुमेहाच्या ११४४ रुग्णांचा सरासरी १८ वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ही माणसं रोज इन्सुलिनवर होती, त्यांच्यात साखर फार खाली जाण्याचे प्रसंगही कमी नव्हते, तरी त्यांच्या बुद्धीत मोठी घसरण आढळली नाही. ज्यांची साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली, त्यांच्यात मात्र हालचालींचा आणि प्रतिसादाचा वेग काहीसा मंदावलेला दिसला.

या भीतीचं मूळ साखर अचानक खाली जाण्यात आहे, आणि तिथे काळजी घ्यायलाच हवी. इन्सुलिन जास्त झालं, जेवण चुकलं, तर रक्तातलं ग्लुकोज घसरतं आणि मेंदू उपाशी पडतो. १९३०च्या दशकात व्हिएन्नाच्या मानफ्रेड साकेल यांनी मुद्दाम असं करून, रुग्णाला बेशुद्धीत नेऊन, स्किझोफ्रेनियावर उपचार करण्याची पद्धत काढली. ती जगभर वापरली गेली, त्यात माणसं दगावली, आणि १९५७ साली ‘लॅन्सेट’मधल्या चाचणीने दाखवलं की गुंगीच्या औषधाने आणलेल्या बेशुद्धीपेक्षा इन्सुलिनने काही जास्त साधत नव्हतं. वयस्क माणसांच्या बाबतीत तर जास्तच जपा: कॅलिफोर्नियातल्या १६,६६७ टाइप-२ रुग्णांच्या २००९ सालच्या अभ्यासात, साखर घसरून रुग्णालयात जावं लागलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश जास्त प्रमाणात झालेला आढळला. म्हणून घरातल्या आजी-आजोबांना असा झटका येऊन गेला असेल, तर इंजेक्शन परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतील.

घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणं दिसलं आणि ग्लुकोमीटरवर ७०च्या खाली आकडा आला, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. ग्लुकोमीटर जवळ नसेल तर त्याच्या शोधात वेळ घालवू नका, साखर द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. एका कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा.